शिलाई-एम्ब्रॉयडरी एकत्र मशीन घेऊ की नुसती एम्ब्रॉयडरीची? (पायमशीन घरात आहे)

कृष्णाकाठची | रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी कराडला घरी ब्लाऊज शिवते. कटोरी, प्रिन्सेस कट, अस्तराचे, सगळे. सासूबाईंची काळी पायमशीन आहे, तिला मोटर बसवलीय आणि ती अजून एका रेघेत टीप मारते. पिको-फॉल बाहेरून करून आणते.

हल्ली गिऱ्हाइकांचं एक नवीन सुरू झालंय, "बाहीवर काहीतरी करून दे गं." बाळाच्या दुपट्यावर नाव घालून मिळेल का, अशीही विचारणा होते. आरी वर्क मला येत नाही, आणि मुलगा लहान आहे तोवर आरीच्या फ्रेमसमोर तासन् तास बसणं जमणारही नाही. म्हणून मशीन.

बजेट ओढूनताणून सत्तर हजार. दुकानात टू-इन-वन दाखवली. एरवी शिलाई करायची, बाजूला युनिट जोडलं की एम्ब्रॉयडरी. फ्रेम (कापड ताणून धरायची चौकट) १० × १० सेंटिमीटर. "एका मशीनच्या पैशात दोन मशीन" असं त्यांचं म्हणणं. दुसरी होती ती फक्त एम्ब्रॉयडरी करते, शिलाई नाही. तिची फ्रेम १३ × १८, पण ती बजेटच्या जरा वर जाते. शिवाय माझे दीर न्यू जर्सीला असतात. ते म्हणतात तिकडे स्वस्त मिळते, दिवाळीला येताना घेऊन येतो.

तिन्हीतलं काय करू? टू-इन-वन घेतली तर जुनी मशीन विकून थोडे पैसे सुटतील असंही डोक्यात आहे.

इचलकरंजीची काकू | रात्री ११:३०

विकू नकोस. बाकीचं नंतर बोलू, पण ती मशीन विकू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाआधी माझा प्रश्न. गिऱ्हाईक "बाहीवर काहीतरी" म्हणत मोबाईल पुढं करतं, तेव्हा त्यात काय असतं? मणी, टिकल्या, जरदोसी, कुंदन असेल तर सत्तर हजार सोड, दोन लाखांची घरगुती मशीन आणलीस तरी ते काम त्यातून निघायचं नाही. ही मशीन दोऱ्याचं काम करते, बास. वरचा एक दोरा, खालचा बॉबिनचा एक, दोन्ही एकमेकांत अडकले की झाला टाका. आरीचा साखळीटाका वेगळा आणि मणी ओवणं तर त्याहून वेगळं. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत.

दोऱ्याचंच काम हवंय असं धरून पुढं लिहिते.

टेप काढ आणि कोपरापर्यंतच्या बाहीचा घेर मोज. दहा ते बारा इंच येईल. दुकानदाराची १० सेंटिमीटरची फ्रेम म्हणजे चार इंचाला जरा कमीच. एका वेळी बाहीचा तिसरा हिस्सा मावतो. म्हणजे सलग वेल काढायची तर एका बाहीला तीनदा कापड काढून तीनदा लावायचं आणि प्रत्येक जोडाला वेल जुळवायची. मग दुसरी बाही. जुळवता येते, नाही असं नाही, पण त्या मजुरीत ते परवडत नाही. पाठीवरचा मोर सहा-सात इंचाचा मागतात, तो चार इंचात बसतच नाही. बसतं काय, तर सुटे बुट्टे, कमळ, नाव, बाहीच्या मधोमध एक लहान मोर. एवढंच करायचं असेल तर चार इंच पुरे.

"मोठी फ्रेम नंतर घेईन" हे मनातून काढ. फ्रेम धरून इकडंतिकडं सरकवणारा जो हात असतो, त्याची धाव ठरलेली असते. चार इंचवालीला बाजारात लांबट फ्रेम मिळते, ती बघून माझ्या क्लासमधल्या मुली खूश व्हायच्या. त्या फ्रेमला खाचा असतात. एक भाग झाला की फ्रेम पुढच्या खाचेत सरकवायची आणि पुढचा भाग काढायचा. कापड पुन्हा लावायचा त्रास वाचतो, पण मशीन एका वेळी शिवते ते चारच इंच.

म्हणून मशीन निवडताना टाके किती, आतली डिझाइन किती हे शेवटी बघ. आतल्या डिझाइनमध्ये टेडी, जहाज, गुलाब आणि ख्रिसमसचं झाड असतं. कराडात कोण घालणार बाहीवर जहाज? आधी फ्रेम बघ.

आणि टू-इन-वनचं खरं दुखणं वेगळंच. चार इंचात गच्च भरलेला मोर असेल तर पंधरा-वीस हजार टाके सहज होतात. १८,००० धर. लहान मशीन एम्ब्रॉयडरी करताना मिनिटाला ४०० टाके मारते. म्हणजे ४५ मिनिटं झाली, आणि यात रंग बदलायचा वेळ नाही. सुई एकच, म्हणून सात रंगांचा मोर असेल तर प्रत्येक रंगाला तूच उठून दोरा ओवायचा, मधले सुटे धागे कापायचे. तेवढा वेळ ती मशीन अडकलेली. लग्नसराईत शेजारी ब्लाऊजचा गठ्ठा पडलेला असताना तू काय करणार, मोर संपायची वाट बघणार? काळी मशीन घरात आहे तर तिच्यावर शिव, आणि बाजूला नुसती एम्ब्रॉयडरीची चालू दे.

माझं मत १३ × १८ वालीला. पैसे कमी पडतात तर सहा महिने थांब.

डोंबिवलीकरीण | सकाळी ७:४०

काकूंचं पटतं, पण दुसरी बाजू पण लिहिते. माझ्याकडे टू-इन-वन आहे, चार इंचवाली. वन-रूम-किचन, दुसरी मशीन ठेवायला जागाच नाही आणि मी धंदा करत नाही. मुलीचे फ्रॉक, पडदे, काजं, झिगझॅग, नणंदेच्या बाळाची कुंची, सगळं एकाच मशीनवर होतं. काम झालं की कपाटात. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना ही वाईट नाही.

इचलकरंजीची काकू | सकाळी ८:१५

हो, तुझ्यासाठी तीच बरोबर.

शटलवाला | सकाळी ९:०५

मी मशीन दुरुस्तीचं काम करतो, नागपूरला. कृष्णाकाठची ताई, अमेरिकेहून आणायच्या मशीनबद्दल सांगतो.

तिकडची मशीन १२० व्होल्टची असते. आपल्या घरात २३० येतात. प्लगला अडॅप्टर लावून सरळ बोर्डात खुपसली तर आतला पॉवर सप्लाय जातो. अशा मशीन दुरुस्तीला येतात, आणि आणणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो "फ्यूजच गेला असेल ना?" फ्यूजवर भागत नाही. मशीनच्या मागे किंवा बुडाला पट्टी असते, तिच्यावर व्होल्ट लिहिलेले असतात. नुसतं १२० असेल तर २३० चे १२० करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो चांगल्या वॅटचा घ्यावा लागतो, आणि तो नेहमी मधे राहणार. कुणीतरी एकदा चुकून सरळ लावणारच. वॉरंटीही तिकडची, इथे चालेल अशी आशा धरू नका. मॉडेल इथे विकलं जात नसेल तर सुटा भागही मिळत नाही.

स्वस्त मिळते हे खरं आहे. पण दुरुस्तीचा दिवस येतोच.

दुसरं, काळ्या मशीनचा गल्लीतला मिस्त्री इथे उपयोगाचा नाही. तो हाताने चांगला असेल, तरी यात बोर्ड, स्टेपर मोटर, सेन्सर असतात. विकत घेताना विचारा की बोर्ड गेला तर मशीन कुठे जाते. दुकानात की पुण्याला की थेट मुंबईला? तोपर्यंत किती दिवस जातात? उत्तर गोलमोल असेल तर दुसरं दुकान बघा. लाइट जाते तिकडे यूपीएस लावा. मधेच लाइट गेली तर मशीन त्याच टाक्यावरून पुढे जाते का, हे डेमोच्या वेळी स्विच बंद करून दाखवायला सांगा. काहींना जमतं, काहींत टाके मोजत पुढे न्यावे लागतात.

आणि पायमशीनची तेलाची बाटली हिच्यावर ओतू नका. पुस्तकात लिहिलं असेल तिथेच एक थेंब. बॉबिनखालचा कचरा मात्र ब्रशने रोज काढा, फुंकर मारून नाही, फुंकरीने तो आत जातो.

कृष्णाकाठची | दुपारी १:२०

बाप रे, व्होल्टचं लक्षातच आलं नव्हतं. दिरांना लगेच कळवते.

काकू, गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो पुन्हा बघितले. लग्नाचे ब्लाऊज जवळजवळ सगळे मणी-जरदोसीचे. पण खणाचे आणि कॉटनचे रोजचे ब्लाऊज आहेत त्यांवर दोऱ्याचंच काम आहे. कमळ, मोर, पाठीवर नथ. शाळेतल्या दोन बाई आहेत, त्यांना असेच हवेत. आणि दुपट्यावरची नावं मराठीतच हवीत. मशीनमध्ये मराठी अक्षरं असतात का? दुकानदार "होऊन जाईल" म्हणाला.

जर्सीवाली | संध्याकाळी ६:४८

मी न्यू जर्सीत असते, तुमच्या दिरांच्याच राज्यात. माझ्याकडे ब्रदर कंपनीची पीई८०० आहे, नुसती एम्ब्रॉयडरीची, १३ × १८. इकडे टू-इन-वनमध्ये ब्रदरचीच एसई६०० खूप जणींकडे दिसते. तिच्यात १०३ टाके, ८० डिझाइन, आणि फ्रेम मात्र चारच इंच. शटलवाल्यांनी सांगितलं ते अगदी बरोबर, माझ्या मशीनवर १२० व्होल्टच लिहिलंय. सामानाचंही बघा, मशीन, युनिट, थर्मोकोल धरून दिरांची एक बॅग गेलीच.

मराठी अक्षरांबद्दल: माझ्या मशीनमध्ये नाहीत, रोमनच आहेत. पण इंक-स्टिच नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरला जोडून चालतं. त्यात नाव देवनागरीत टाईप करून त्याचे टाके बनवता येतात. लॅपटॉप लागतो, मोबाईलवर नाही. तयार झालेली फाईल पेनड्राइव्हने मशीनमध्ये. ब्रदरला पीईएस लागते, जनोमला जेईएफ. बाजारात मिळणारी बरीच डिझाइन डीएसटी असतात, ती कारखान्याच्या मशीनची. त्यांत रंग साठवलेले नसतात, फक्त कुठे थांबायचं ते असतं, त्यामुळे स्क्रीनवर मोर भलत्याच रंगाचा दिसला तर घाबरू नका. मोठं डिझाइन मशीनवर दाबून लहान करू नका. दहा-वीस टक्के चालतं, त्यापुढे टाके तेवढेच राहतात आणि जागा कमी होते, कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं.

फाँट टाकला आणि "टाके बनव" म्हटलं की होतं असं मात्र नाही. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी शिवली जाते आणि मधे जोड दिसतात. मी अक्षरांवरच्या रेघा काढून टाकते, आधी खालची अक्षरं शिवते आणि शेवटी नावभर सॅटिन टाक्याची (शेजारी शेजारी गच्च टाक्यांची) एकच सलग रेघ वरून ओढते. त्याने नाव एकदम नीट दिसायला लागलं. टाक्यांच्या दिशेने कापड थोडं ओढलं जातं, म्हणून "व", "ब", "क" यांची पोटं बसकी होतात, ती आधीच जरा फुगवून ठेवायची. जोडाक्षरं लहान करू नका. "श्रीया" अर्ध्या इंचाच्या आत काढाल तर "श्री"चा गोळा होतो. "अमेय", "रमा", "ओम" सोपी.

टेरीच्या टॉवेलवर किंवा फरच्या ब्लँकेटवर काढताना वरून पाण्यात विरघळणारी फिल्म टाका, नाहीतर टाके लवेत बुडतात.

इचलकरंजीची काकू | रात्री ९:१०

शिरोरेघ शेवटी. हे मला ठाऊक नव्हतं, छान सांगितलंस.

आता ब्लाऊजचं. शिवलेल्या ब्लाऊजवर एम्ब्रॉयडरी करायच्या भानगडीत पडायचं नाही, बाहीच्या नळकांड्यात फ्रेम जात नाही. कापायच्याही आधी करायची. कापडावर बाही आणि पाठ खडूने आखून घे, मध्यरेषा काढ, त्यावर डिझाइन शिव, मग काप. टाक्यांनी कापड आत ओढलं जातं, म्हणून आखणी काम झाल्यावर पुन्हा तपासायची. साडीबरोबरचा पीस ८० सेंटिमीटरच्या आसपास असतो. जाड बाई आणि लांब बाही असेल तर फ्रेममध्ये धरायला कडेला कापडच उरत नाही. तेव्हा कडेला जुन्या चादरीची पट्टी टाचून घ्यायची आणि फ्रेममध्ये ती धरायची. काम झालं की उसवून टाकायची.

रेशमाला आणि मखमलीला फ्रेमचा वळ पडतो आणि तो इस्त्रीनं जातोच असं नाही. पैठणीच्या पीसला तर धोका पत्करूच नकोस. फ्रेममध्ये नुसता पेपर ताणायचा आणि कापड त्यावर चिकटवायचं किंवा कडेनं टाचायचं. पेपर म्हणजे एम्ब्रॉयडरीचा, फाडून काढायचा एक आणि कात्रीनं कापायचा एक असे दोन येतात. सुती, खण, दुपटं यांना फाडायचा चालतो. ताणणारं कापड, टी-शर्ट वगैरे असेल तर कापायचाच, नाहीतर एका धुण्यात डिझाइन गोळा होतं. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला पेपर, दोरे, जरी सगळं एका फेरीत मिळतं.

दोरा ४० नंबरचा पॉलिएस्टर एम्ब्रॉयडरीचा घे. शिलाईची रिळं वापरू नकोस, भुसा पडतो आणि चमकही येत नाही. सुई ७५/११. जरी लावशील तेव्हा मोठ्या नेढ्याची ९०/१४ घाल आणि स्पीड पार खाली आण. जरीचं रीळ मशीनपासून जरा लांब स्टँडवर ठेवलं की पीळ सुटतो आणि तुटणं कमी होतं. कमी होतं, थांबत नाही. जरीच्या कामाला जास्त पैसे लाव.

आता पैशाचं बोलते, कारण हे कुणी बोलत नाही. ज्यांच्याकडं बहुसुईच्या मोठ्या मशीन आहेत ते हजार टाक्यांवर भाव लावतात. पन्नास ब्लाऊजपीसना एकच मोर काढायचा असेल तर त्यांच्या भावाला तू पुरी पडणार नाहीस, पडायला जाऊही नकोस. पण त्यांना एक नग नको असतो. एकच दुपटं, एकच नाव, एका बाईच्या खणाच्या ब्लाऊजवर तिला हवी तशीच नथ, ही त्यांच्या दारातून परत जाणारी कामं. ती तुझी. गणपतीच्या आधी मंडळांचे, ढोल-ताशा पथकांचे खिशावरचे लोगो येतील. पाच-दहा नग असतील तर घे, शंभर असतील तर मोठ्याकडं पाठव आणि मधले चार पैसे ठेव. एकदा काढलेली फाईल जपून ठेव, पुढच्या वर्षी तेच मंडळ येतं.

एक नग काढायला टाक्यांचा वेळ धर, शिवाय फाईल बनवायचा वेळ वेगळा धर. नाव टाईप करून जोडायला अर्धा तास गेला तर तो फुकट नाही.

धायरीकर | रात्री ९:५५

पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, १८ व्यवसायांपैकी एक. सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रातून, कुटुंबातल्या एकालाच. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, टूलकिटसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर, आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. ताईंनी चौकशी करावी.

कृष्णाकाठची | रात्री १०:३५

धन्यवाद, उद्याच सीएससीत विचारते. काकू, कर्ज काढून मोठीच घ्यावी का मग? दुकानदाराने उषा जनोमची मेमरी क्राफ्ट ४५०ई पण दाखवली होती, फ्रेम २०० × २८० मिलिमीटरची. बाही एका दमात होईल.

इचलकरंजीची काकू | रात्री ११:०२

मशीन चांगली आहे, आणि होईल एका दमात. अकरा इंचाची फ्रेम म्हणजे पाठीचा पूर्ण मोरसुद्धा बसतो. तिचा वेगही मिनिटाला ८६० टाक्यांपर्यंत जातो. पण तुझ्याकडं आत्ता पक्की गिऱ्हाइकं किती? शाळेतल्या दोन बाई आणि चौकशी करणाऱ्या आया. तेवढ्यावर हप्ता काढू नकोस. कर्ज वाईट म्हणत नाही मी, ऑर्डरी हातात आल्यावर घे. १३ × १८ वर बाही दोनदा लावून होते, तीनदा नाही. लांब बाजू घेरावर धरायची, सात-सात इंच, जोड बाहीच्या मधोमध येऊ द्यायचा नाही, मागच्या बाजूला टाकायचा, तिथं पटकन कुणी बघत नाही.

कृष्णाकाठची | रात्री ११:०९

हे बेस्ट आहे. मग ठरलं, दिवाळीपर्यंत थांबते, १३ × १८, इथूनच. शनिवारी पुण्याला डेमो बघायला जातेय. काय काय घेऊन जाऊ?

शटलवाला | रात्री ११:२१

स्वतःचं कापड न्या. दुकानात डेमो जाड, कडक कापडावर डबल पेपर लावून देतात, त्यावर कुठलीही मशीन सुंदरच शिवते. खणाचा तुकडा, मलमल, आणि टेरी. जर्सीवाल्या ताईंनी एखादं मराठी नाव करून दिलं तर ती फाईल पेनड्राइव्हवर न्या आणि तुमच्यासमोर चालवायला सांगा. मशीन टेबलावर थरथरते का बघा. टेबल जड हवं, प्लास्टिकचं नको.

जर्सीवाली | रात्री ११:४०

करून देते, पीईएस आणि जेईएफ दोन्ही. कुठलं नाव हवंय ते कळवा, जोडाक्षरवालं सांगा म्हणजे खरी परीक्षा होईल.

कृष्णाकाठची | रात्री ११:४४

"प्रज्ञा" चालेल? आमच्या शेजारी बारसं आहे, तिचंच दुपटं पहिलं करायचंय.

इचलकरंजीची काकू | रात्री ११:५०

चालेल, पण इंचभर उंच काढ. आणि मशीनबरोबर बॉबिनचा पातळ दोरा पांढरा आणि काळा दोन्ही घे. दुकानदार पांढराच देतो, काळ्या खणावर तो खालून वर डोकावतो.